कोरियातून आलेली ‘चिनी माउझर’ घ्यायची आहे? आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत नोकरीला असलेल्या एका मराठी गृहस्थांना शेजारच्या गावातल्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, एक जुनी ‘चिनी माउझर’ (माउझर या जर्मन कंपनीच्या धर्तीवरची) रायफल मिळते आहे. विकणाऱ्या बाईंचं म्हणणं, त्यांचे वडील कोरियाच्या लढाईत होते आणि ती त्यांनी तिकडून आणली. लाकूड काळंकुट्ट आणि एका जागी चिरलेलं, बोल्टवरचा (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावरचा) नंबर एक आणि रिसीव्हरवरचा (तो दांडा ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावरचा) दुसराच. गृहस्थ विचारतात: ही अस्सल आहे का? घासून पॉलिश करून भिंतीवर लावली तर चालेल का? आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर सोबत नेता येईल का? शेवटी जाता जाता लिहिलंय, की ते एच-१बी व्हिसावर आहेत.

जाता जाता लिहिलेलं ते वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेता येत नाही, नुसती जवळ बाळगताही येत नाही. एच-१बी त्यातच येतो. याला अपवाद आहेत. नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. डीलरकडून घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात व्हिसाबद्दल सरळ विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. ‘मित्राचं ग्रीन कार्ड आहे, त्याच्या नावावर घेतो, ठेवतो माझ्याकडे’ हा विचार डोक्यात आला असेल तर आजच काढून टाका. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हाही गुन्हाच आहे, आणि तुमच्या बाबतीत दंड-तुरुंगाच्या आधी इमिग्रेशनची फाइल धोक्यात येते. ग्रीन कार्ड हातात पडलं की व्हिसाचा हा अडसर उरत नाही, मग राहतात सगळ्यांना लागणारे केंद्राचे नियम आणि राज्याचे वेगळे नियम. ते राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, ओहायोत तसं नाही. मी संग्राहक आहे, वकील नाही. इमिग्रेशन वकिलाची एका तासाची फी इथे सत्कारणी लागेल.

एक बारकावा. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ धरली जाते आणि हे नियम तिला लागत नाहीत. चिनी रायफलींमध्ये इतक्या जुन्या फार थोड्या सापडतात, आणि तारीख निःसंशय वाचता आली तरच त्या मुद्द्याला अर्थ आहे.

पुण्याला नेण्याचं म्हणाल तर तो विचार सोडून द्या. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, आधी तिथला परवाना लागतो, लष्करी बोअरची (नळीच्या मापाची) हत्यारं बहुतेक ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापांत येतात आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यात अमेरिकेतून बाहेर काढायची परवानगी वेगळी. एवढ्यासाठी कुणी हा खटाटोप पार पाडलेला माझ्या ओळखीत तरी नाही.

आता रायफलीकडे वळू. तुम्ही विचारलंय ‘अस्सल की नक्कल’. माझ्या अनुभवात या प्रकारच्या रायफलीत सरळ नक्कल कमी असते. खरा गोंधळ असतो तो ही नेमकी कोणती रायफल आहे आणि हिच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट हिचीच आहे का, याचा.

इस्टेट सेलमध्ये ज्याला ‘चिनी माउझर’ म्हणतात ती बऱ्याचदा माउझर नसतेच. चापाच्या कड्याकडे बघा. त्याच्या पुढे मॅगझिनची, म्हणजे काडतुसांची, पेटी लाकडाखाली बाहेर आलेली असेल आणि ती कड्याशी एकसंध असेल, तर ती हान्यांग ८८ असण्याची शक्यता मोठी. जर्मनीच्या १८८८च्या ‘कमिशन रायफल’ची ही नक्कल. मूळ रायफल सरकारी समितीने तयार केली होती आणि मॅगझिन मानलिखर पद्धतीचं, म्हणजे काडतुसं पत्र्याच्या क्लिपसकट आत जातात. झांग झिदोंग या सुधारणावादी प्रांताधिकाऱ्याने यांगत्सेकाठी उभ्या केलेल्या हान्यांगच्या कारखान्यात ती १८९५ पासून बनू लागली, आणि चिनी सैन्याने ती जपानविरुद्धच्या युद्धातही वापरली. पन्नास वर्षं जुन्या आराखड्याची बंदूक घेऊन ही माणसं जपानी तोफांसमोर उभी होती. ती हातात घेतली की मला दर वेळी हे आठवतं.

लाकडाची खालची बाजू सपाट असेल आणि मॅगझिन आत लपलेलं असेल, तर खऱ्या माउझर घराण्यातली कुणीतरी. मग ‘२४’ या आकड्याचा घोळ सुरू होतो. चीनने १९३०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनोहून व्हीझेड २४ रायफली घेतल्या, बेल्जियमच्या एफएन कंपनीकडून १९२४च्या नमुन्यावरच्या घेतल्या आणि जर्मनीकडून माउझरचं स्टँडर्ड मॉडेल घेतलं. यातला २४ म्हणजे १९२४. पण त्याच स्टँडर्ड मॉडेलवरून चीनने १९३५ साली हेनान प्रांतात गोंगश्यानच्या कारखान्यात स्वतःची रायफल सुरू केली, तिलाही ‘टाइप २४’ म्हणतात, आणि हा २४ म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचं चोविसावं वर्ष. १९१२ हे पहिलं वर्ष, म्हणून चिनी तारखेत १९११ मिळवायचे. २७ असेल तर १९३८, ३२ असेल तर १९४३. हीच पुढे चीनचे तेव्हाचे राष्ट्रवादी नेते च्यांग काय-शेक यांच्या ‘झोंगझेंग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ही बेरीज न केल्यामुळे १९४३ची रायफल १९३२ची म्हणून विकताना मी पाहिली आहे.

आता तुमच्या ‘दोषां’कडे येतो. नंबर जुळत नाहीत, लाकूड चिरलंय, रंग गेलाय. जर्मन किंवा स्विस रायफल गोळा करणाऱ्यांची कसोटी म्हणजे सगळे नंबर एक, लाकूड एक, चमक मूळची. चिनी रायफलीला ती फूटपट्टी लावली की तुम्ही चांगली रायफल सोडाल आणि वाईट घेऊन बसाल.

असं का, ते सांगतो. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग जपान्यांच्या हाती पडलं, ऑक्टोबर १९३८ मध्ये वुहान. हान्यांग वुहानचाच भाग. त्याआधी यंत्रं उचलून नदीमार्गे आत, डोंगराळ भागात हलवली गेली. नानजिंगचा जिनलिंग कारखाना चोंगकिंगला जाऊन २१ नंबरचा कारखाना झाला. चोंगकिंगवर जपानी विमानं वर्षानुवर्षं बॉम्ब टाकत होती आणि काही कारखाने डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत चालत होते. चांगलं पोलाद नाही, वाळवलेलं लाकूड नाही, कुशल माणूस मिळेल तसा. तिथून निघालेली रायफल आघाडीवर मोडायची, परत यायची, तीन मोडक्या मिळून एक धड व्हायची. मग जपान हरला, यादवी पेटली, राष्ट्रवाद्यांची हत्यारं कम्युनिस्टांच्या हाती आली, ऑक्टोबर १९५० मध्ये त्यातलीच काही चिनी सैन्याबरोबर कोरियात गेली. एवढ्या प्रवासानंतर नंबर जुळणार कसे? जुळलेच आणि लाकूडही नितळ असेल, तर मी खिशातून भिंग काढतो.

माझ्याकडची एक झोंगझेंग समोर ठेवूनच हे लिहितो आहे. बोल्टच्या मुठीखाली, उजव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा लाकडाचा तुकडा बसवलाय. मूळ लाकडाच्या रेषा लांबीत जातात, या तुकड्याच्या आडव्या. सरस सुकून गेलाय, दोन बारीक खिळ्यांवर तो टिकला आहे आणि एका खिळ्याचं डोकं कानशीने सपाट केलंय, का, तर हाताला लागू नये म्हणून. ज्याने हे केलं त्याला पुढच्या शिपायाच्या हाताची काळजी होती. दस्त्याच्या तळाशी चाकूने कोरलेल्या तीन खुणा आहेत. अक्षरं म्हणावीत इतक्या स्पष्ट नाहीत. त्या कशाच्या ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यांच्यावर मी बोटही जोरात फिरवत नाही.

कारण एकदा हे मी घालवलंय. संग्रहातली माझी दुसरीच रायफल हान्यांग होती. घेतली त्या रविवारीच सँडपेपर घेऊन बसलो. दुपारपर्यंत लाकूड मधासारखं दिसायला लागलं, मी खूश. नंतर घेतानाचे फोटो नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं की दस्त्याच्या डाव्या बाजूला भाजून उमटवलेला शिक्का होता, बहुधा तुकडीचा. ज्याच्यावरून ती रायफल कुठे होती हे कळलं असतं ते मी भुसा करून केरात टाकलं. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, अजून टोचते. म्हणून पॉलिशचं उत्तर नाही. ठाम नाही. आधी बोल्ट उघडून आत काडतूस नाही याची खात्री करा. घरातून निघालेल्या बंदुका भरलेल्या सापडतात. मग सुती फडकं, लोखंडाला हलकं मशीनचं तेल, लाकडाची धूळ कोरड्या फडक्याने. जिवंत लाल गंज असेल तेवढ्याच जागी तेलात बुडवलेली सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हाताने. व्हार्निश नको, नवा रंग नको, चीर बुजवणं नको.

राहिली वडिलांची कोरियाची गोष्ट. बाई खोटं बोलतात असं मी मुळीच म्हणत नाही. कोरियातून सैनिकांनी रायफली खरंच आणल्या. पण घरात ऐकलेली गोष्ट आणि कपाटातली वस्तू यांची सांगड कधीकधी नंतर बसवली जाते, कुणाच्या लबाडीशिवाय. ती तपासायला माझ्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली, इम्पोर्ट मार्क. १९६८च्या कायद्यानंतर व्यापारी आयात झालेल्या बंदुकीवर आयात करणाऱ्याचं नाव, गाव आणि राज्य कोरणं बंधनकारक झालं. त्याच कायद्याने लष्करी सरप्लसची, म्हणजे सैन्यातून काढलेल्या जुन्या मालाची, आयात बंद केली होती. १९८४ मध्ये ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे जुन्या संग्राह्य हत्यारांना वाट मोकळी झाली आणि मग चीनच्या गोदामांतला माल इकडे आला. मे १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने चिनी बंदुका आणि काडतुसांची आयात थांबवली. म्हणजे बाजारातल्या चिनी मालातला मोठा भाग या दहा वर्षांतला. मार्क नळीच्या तोंडाजवळ खालच्या बाजूला किंवा रिसीव्हरच्या कडेला बघा, बारीक अक्षरांत असतो. मार्क दिसला की ती त्या वडिलांनी कोरियातून आणलेली नाही, विषय संपला. मार्क नसला तर कोरिया सिद्ध होत नाही, फक्त शंका कमी होते. मला एकदा एका विक्रेत्याने कोरियाची म्हणून एक रायफल चढ्या भावात दिली. घरी आणून नळीचं तोंड पुसलं तर काळ्या रंगाखालून एका अमेरिकन शहराचं नाव वर आलं. तेव्हापासून त्या जागेवरून आधी नख फिरवतो, मग भावाचं बोलतो.

दुसरी पायरी, तारखेचा मेळ. कोरियातला युद्धविराम २७ जुलै १९५३चा. रशियन मोसिन-नागान एम४४ कार्बाइनवरून (आखूड रायफलीवरून) चीनने केलेली टाइप ५३ ही त्याच वर्षी बनायला लागली. म्हणून १९५५ची टाइप ५३ समोर ठेवून कुणी कोरियाची लढाई सांगत असेल तर नम्रपणे मान हलवावी आणि पुढच्या टेबलाकडे जावं. टाइप ५६ एसकेएस या त्याहून नंतरच्या चिनी रायफलीचंही तेच. तिच्याशी व्हिएतनामची गोष्ट जुळू शकते, कोरियाची नाही.

तिसरी, लाकडावरचा काप. सैनिकांना रायफल डफल बॅगेत बसवायची असायची, म्हणून पुष्कळांनी नळीभोवतीच्या लोखंडी पट्ट्याखाली लाकूड करवतीने कापलं. पट्टा वर असतो म्हणून काप दिसत नाही. पट्टा सैल करून बघा. तुम्ही ज्या चिरेबद्दल लिहिलंय ती नेमकी तिथे असेल, तर मी त्या बाईंच्या गोष्टीवर बराच विश्वास ठेवीन. त्या वेळचा लष्करी कागद, म्हणजे हे हत्यार घरी न्यायला परवानगी आहे असं लिहिलेला, रायफलीच्या नंबरासह मिळाला तर उत्तमच. नंबर मात्र कागद आणि लोखंड शेजारी धरून ताडा.

पिस्तुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या छंदात पाऊल टाकलं की ती समोर येणारच, म्हणून दोन शब्द. माउझर सी९६, लाकडी पेटीतलं, चीनमध्ये अफाट लोकप्रिय होतं. यान शीशान या सरदाराने शान्शी प्रांतात त्याचं मोठं .४५ बोअरचं रूप बनवून घेतलं. त्याला भाव मोठा आणि नंतरच्या नकलाही बऱ्याच, तेव्हा नवख्याने लांब राहावं. पेटी दस्ता म्हणून मागे जोडली की कायदा वेगळा लागू शकतो, हेही लक्षात ठेवा. मला स्वतःला जवळचं वाटतं ते टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने चीनसाठी बनवलेलं ब्राउनिंग हाय-पॉवर. नंबरात ‘सीएच’, स्लाइडवर चिनी अक्षरांत ‘प्रजासत्ताक चीनची मालमत्ता’. १९४२ मध्ये ब्रह्मदेशचा रस्ता बंद झाल्यावर चीनची रसद आसामच्या धावपट्ट्यांवरून, हिमालयाच्या टोकावरून कुनमिंगला उडत होती. या युद्धाचा एक पाय आपल्या जमिनीवर होता, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं.

मी सोलापूरचा. शाळेत असताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट ऐकली ती डोक्यात बसली. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहून जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. ते ज्या शिपायांना टाके घालत होते त्यांच्या खांद्यावर काय होतं, या कुतूहलातून माझा हा सगळा संग्रह सुरू झाला. त्यामुळे कुणी या रायफलींना ‘भंगार’ म्हणालं की मला वाईट वाटतं, हे मोकळेपणाने सांगतो.

रायफल झाडून बघायचा विचार मनात असेल तर तोही थांबवा. हान्यांगची नळी मुळात ८.०८ मिमी व्यासाच्या गोळीसाठी, आजचं ८ मिमी माउझर काडतूस ८.२० मिमीचं आणि जास्त दाबाचं. दुकानदार म्हणेल ‘एट एमएम आहे, चालतं’. नाही चालत, नळी किंवा बोल्ट फुटून चेहऱ्यावर येऊ शकतो. झोंगझेंगला काडतूस योग्य असलं तरी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट, ऐंशी वर्षांपूर्वीचं युद्धकाळातलं पोलाद आणि झिजलेलं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) यांचा भरवसा गनस्मिथने, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर) मोजल्याशिवाय धरू नये. जो न जुळणारा नंबर मी वर पुरावा म्हणून डोक्यावर घेतला, तोच इथे धोक्याची खूण आहे.

मग तुम्ही आत्ता काय करावं? रायफल घेऊ नका, पण दाराशी जाऊन परतही येऊ नका. ग्रीन कार्ड झाल्यावर ‘क्युरिओ अँड रेलिक’चा परवाना काढता येतो, तीन वर्षांना तीस डॉलर, सोबत खरेदी-विक्रीची वही नीट ठेवायची. तोवर या युद्धाची हत्यारांखेरीजची बाजू गोळा करा: काडतुसांच्या रिकाम्या क्लिपा, कापडी पट्टे, तेलाच्या कुप्या, जुने फोटो, राज्याचा नियम बघून संगिनीही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या संग्रहालयात एक दिवस घालवा. रायफल वाचायची सवय बघण्यातून लागते.

आणि त्या बाईंकडे पुन्हा जा. वडील कोणत्या तुकडीत होते, कोरियात कोणत्या साली पोचले, कोणत्या बोटीने परतले, रायफल घरात कुठे ठेवलेली असायची, ते तिच्याबद्दल काय सांगायचे, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. खाली रायफलीचा नंबर घाला, त्यांची सही आणि तारीख घ्या, आणि तो कागद त्यांच्याकडेच रायफलीसोबत राहू द्या. कुणीही घेतली तरी तो तिच्याबरोबर जाईल. त्यांनी परवानगी दिली तर तीन फोटो काढा: रिसीव्हरच्या वरची अक्षरं, चापाच्या कड्यापुढचा भाग बाजूने आणि पट्ट्याखालचं लाकूड. उजेड तिरका ठेवा, फ्लॅश नको. ते पाठवलेत तर ती कोणती आहे हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.